पिठावरचं पाऊल

पीठ कोरंच राहिलं. माघ्या भगताने टोपली उचलली, खाली वाकून बराच वेळ बघितलं आणि टोपली होती तशी पालथी घातली.

"नाय आला मिलटरी," तो म्हणाला.

माझ्या नवऱ्याचं नाव देवराम, पण पाड्यात सगळे त्याला मिलटरीच म्हणायचे. फौजेतून येऊन नातवंडं झाली तरी नाव तेच. नाशिकच्या दवाखान्यात तो वारला आणि गाडीतून घरी आला. आमच्यात माणूस गेलं की दिवस घालायच्या आधी देवाच्या कोपऱ्यात नव्या तांदळाचं पीठ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठावर खूण दिसते. कधी पाखराचा पाय असतो, कधी मुंग्यांची ओळ, कधी माणसाचं पाऊल. खूण दिसली की गेलेला घरी आला. मग त्याच्या नावाचा दगड शेताच्या बांधापलीकडे वाडवडलांच्या रांगेत बसवतात.

"उद्याची सकाळ बघू," माघ्या म्हणाला. "उद्या पण कोरं राहिलं तर तो बाहेरच फिरतोय समजायचं. मग पुढच्या वर्षी नवा भात आला की बोलवू."

"पुढच्या वर्षी मी असेन का रे? आणि वर्षभर तो कुठे राहील?"

"मी काय करू, कोंडे? गाडीत झोपवून आणला त्याला. रस्ता कसा दिसणार? नायतर मिलटरी कधी हजेरी चुकवायचा का?"

"तुझ्या मंत्रात खोट असेल."

"पीठ तुझं, नवरा तुझा, आणि खोट माझी?"

सगळे हसले. मीही हसले. संदीप मात्र हसला नाही. संदीप माझा थोरला मुलगा, जव्हारला कचेरीत कारकून आहे. तो खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता. सुनेने, योगिताने, माझ्यापुढे भाकर ठेवली. मी तिचा एक तुकडा मोडला आणि हातातच धरून बसले.

दुपारी मी ओटीवर बसले. समोरच्या उतारावर खुरासणी फुललेली, सगळा डोंगर पिवळा. वारा आला की तो पिवळा रंग पोशेरा गावाच्या बाजूला सरकत जायचा आणि परत यायचा. बघता बघता माझे डोळे जड झाले.

तो सुट्टीवर यायचा तेव्हा घराचा नूरच बदलायचा. तांब्यात निखारे घालून पोरांच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करायचा. मुलीची वेणी इतकी घट्ट घालायचा की तिचे डोळे ताणले जायचे. सकाळी अंगणात सगळ्यांना ओळीने उभं करायचा आणि कोंबड्यांनाही म्हणायचा, "तुम्ही उशीर केलात." रात्री पोरं विचारायची, बाबा, बर्फ कसं असतं? तो म्हणायचा, "वर कोणीतरी आजी बसलेली असते. ती दिवसभर पीठ चाळते. आपण खालून चालायचं."

डोंगर पिवळ्याचा पांढरा झाला. तो त्यातून चालला होता, मोठा कोट घालून. मी त्याला हाक मारत होते, पण माझ्या तोंडातूनही पीठच पडत होतं. तो पाऊल टाकायचा आणि वरून भुरभुर यायची, पाऊल बुजून जायचं. तो पुढे जात होता की माझ्याकडे येत होता, तेही कळेना. मग कोणीतरी माझ्या अंगावर गोधडी टाकली आणि मी जागी झाले. संदीप होता.

"आई, घरात चल. गार लागेल."

"तुझा बाप अजून चालतोय रे," मी म्हणाले.

त्याने तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना माघ्या आला. बाहेर इतकं धुकं होतं की अंगणातला आंबा दिसत नव्हता, नुसतं दव टपटपताना ऐकू येत होतं. माघ्याने टोपली उचलली.

"आला!" तो ओरडला. "कोंडे, बघ. अख्खं पाऊल!"

मी खाली बसले. डावं पाऊल होतं, पाच बोटांचं. अंगठ्याच्या शेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब.

देवरामच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती. दोन बर्फाने खाल्ली. हे घरात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. पोरं घाबरतील म्हणून तो वैशाखातही पायमोजे घालायचा. पोरं चिडवायची, "बाबा, झोपेत पण परेड आहे का?" तो म्हणायचा, "हुकूम आहे." सगळे निजले की मी त्या पायाला मोहाच्या बियांचं तेल चोळायचे.

मी मान वर केली. संदीप दारात उभा होता. एक पाय दुसऱ्या पायाच्या मागे लपवून. टाचेच्या भेगांत पांढरं पीठ अडकलं होतं.

राग माझ्या ओठापर्यंत आला. आपल्या बापाच्या जागी कोणी पाय ठेवतं का? एक शब्द बोलले असते तर माघ्या उठून गेला असता, आणि माझं माणूस वर्षभर त्या धुक्यात राहिलं असतं. पण खोटं बोलून त्याला आत घ्यायचं, तर आत येणार कोण?

मी परत पिठाकडे बघितलं. ते लांब बोट मी आधी पाहिलं होतं. लग्न झालं त्या पावसात भाताच्या आवणीला तो माझ्यापुढे चालायचा. चिखलात पाय पडायचा आणि पाणी भरायच्या आत मला ते दिसायचं. पाच बोटं, आणि अंगठ्याशेजारचं असंच पुढे आलेलं. तेव्हा बर्फ नव्हतं, फौज नव्हती. घरातून तो गेला तो ह्याच पायाने. तोच पाय संदीपच्या अंगात राहिला होता, आणि इतकी वर्षं तो माझ्या घरात ये-जा करत होता.

"काय गं, ओळख पटली का?" माघ्याने विचारलं.

"पटली. माझ्याच माणसाचं पाऊल आहे."

"बघ! आणि काल मंत्राला नावं ठेवत होतीस."

माघ्या शेंदूर कालवायला बाहेर गेला. योगिता चुलीकडे वळली. संदीप माझ्याजवळ येऊन बसला. त्याचा आवाज लहानपणी ताप यायचा तेव्हासारखा झाला होता.

"आई, ते पाऊल..."

"पाय धू आधी. भगत बघेल."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाप गेल्यापासून तो रडला नव्हता. मी त्याला रडू दिलं.

धुकं विरळ होऊ लागलं. माघ्याने बाहेरून हाक मारली. ओढ्यातून निवडून आणलेला दगड अंगणात ठेवलेला होता, काळा, गुळगुळीत. संदीपने तो दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला.

"सांभाळून," मी म्हणाले. "दवाने बांध निसरडा झालाय. त्याला पाडू नको."