सवण्यातला दगड

“दार उघड, चन्नम्मा. चोर गावाचा हाय, तुझ्या घरचा जावई न्हाय.”

हिंदुराव पाटील असं म्हणाले तेव्हा ऊन चटकायला लागलं होतं. चिंचोळवाडीतली निम्मी बापय माणसं रुद्रप्पाच्या दारात उभी होती. कुणाच्या हातात कासरा, कुणाच्या हातात आसूड. आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून बाहेरचं सगळं आमच्या डोळ्यांदेखत घडलं; आतलं चन्नम्मानं मागाहून सांगितलं.

रात्री कुणीतरी रामहरीचा बैल गोठ्यातून सोडून नेला होता. दुष्काळात रामहरीनं आपल्या ताटातली भाकरी त्याला चारून जगवलेला बैल. दिवस उगवायला माणसं माग काढत गेली, तर चोर ओढ्यात सापडला. पण घाईनं दगडागोट्यांतून हाकलल्यामुळं बैलाचा मागचा पाय निखळला होता. गाडीत घालून आणलेलं जनावर रामहरीच्या अंगणात पडलं होतं, ते काही केल्या उठेना.

रुद्रप्पा गावचा पोलीस पाटील. पाटीलकी पूर्वी हिंदुरावांच्या घरात होती, बापाकडून लेकाकडं आलेली. सरकारनं वतनं काढून घेतली आणि पुढं पोलीस पाटील कलेक्टर कचेरीतून नेमायला लागले. तेव्हा रुद्रप्पानं अर्ज केला आणि त्याची नेमणूक झाली. हिंदुरावांना ते सलत होतं. चोर हातात आल्यावर रुद्रप्पानं त्याला आपल्या कडब्याच्या खोलीत कोंडलं, सायकल काढली आणि तालुक्याच्या ठाण्याला निघाला. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, “फौजदार येईस्तवर कडी काढू नगं. कुनीबी येऊ दे.”

आता सगळे आलेच होते.

“आबा,” चन्नम्मा उंबऱ्यात बसूनच बोलली, “मालक ठाण्याला गेल्यात. आल्यावर काय ते बोला.”

“ठाणं काय करतंय? आमच्या आज्यानं असल्याला चावडीपुढं खोड्यात घातला असता. सांजच्याला पाय काढून घरी गेला असता, आन् जलमभर जनावराला हात लावला नसता.”

“खोडा आता ऱ्हायला न्हाय की, आबा.”

“हातपाय हायत न्हवं आमाला?”

मागून कुणीतरी म्हणालं, “बाईमानसाच्या तोंडी काय लागताय? बाजूला करा तिला.”

पण परक्याच्या बायकोला हात कोण लावणार? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. तेवढ्यात चन्नम्माच्या लक्षात आलं की गर्दीत रामहरी दिसत नाही. मग माळवदावरून माती झडली. वर कुणीतरी चाललं होतं.

ती उठली, दाराला आतून अडणा घातला आणि कडब्याच्या खोलीत शिरली. तो चोर, पोरसवदा गडी, हात बांधलेला, कोपऱ्यात उकिडवा बसला होता. धूर-उजेडासाठी माळवदाला सवणं ठेवलेलं असतं, त्यातून उन्हाचा कवडसा खाली पडला होता. बघता बघता तो झाकला गेला. पहिला दगड आला तो गड्याच्या खांद्यावर बसला. तो कळवळून आडवा झाला.

“ब्याडप्पा, ब्याड,” नको रे, नको, अशी चन्नम्माच्या तोंडून तिची कानडी बाहेर पडली. तिनं गड्याला भिंतीकडं ओढलं आणि स्वतः त्याच्यापुढं, बरोबर सवण्याखाली, बसली.

“सर बाजूला, वैनी,” वरून रामहरीचा आवाज आला. दुसरा दगड त्याच्या हातात होता.

“न्हाय सरत. टाक तू.”

“माजा बैल उठना गेलाय. डोळं मिटून घेतोय सारखं. तुला काय ठावं?”

“मला ठावं न्हाय व्हय? दुष्काळी छावणीतनं तू त्येला आनलास तवा मीच ववाळलाय त्येला.” ती जागची हलली नाही. “रामहरी, पल्याडच्या गावात काय झालं ते तू ऐकलंयस. चोर ठाण्यात मेला. पोलीस म्हनत्यात गावानं मारला, गाव म्हनतंय पोलिसांनी. आन् मधल्या मधी तितला पोलीस पाटील जेलात बसलाय. त्येची बायकू दुसऱ्याच्या रानात खुरपाया जाती.”

सवण्याच्या कडेची माती तिच्या डोक्यावर झडली.

“ह्यो चोर हाय, मी न्हाय म्हनत न्हाय. पर ह्यो मेला तर माजा मालक जाईल, तू जाशील. आन् बैल काय त्येनं उठनार हाय?”

बराच वेळ सवणं झाकलेलंच राहिलं. बाहेर दार धडधडत होतं, अडणा करकरत होता. मग एकदम खोलीत ऊन पडलं. रामहरी माळवदावरून उतरला, गर्दीतून वाट काढत दारापाशी आला आणि दाराला पाठ लावून बसला. दगड अजून हातातच होता.

“बैल माजा गेलाय,” तो म्हणाला. “मी गप हाय, तर तुमी कशाला वरडताय?”

हिंदुराव त्याला वाट्टेल ते बोलले. तो ऐकत राहिला. पण दार ठोकणं थांबलं.

दुपार कलताना जीप आली. मागं सायकल आणि रुद्रप्पा. फौजदारांनी चोराला बाहेर काढायला लावलं, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि हातातली छडी उचलली.

“सायेब,” चन्नम्मा म्हणाली, “मारायच्या आदी पंचनामा करा.”

रुद्रप्पानं तिला डोळ्यानं दटावलं. ती त्याच्याकडं बघतच नव्हती.

“आमी त्येला धडधाकट सोपवलाय. आंगावर काय हाय, काय न्हाय, ते गावापुढं लिवून घ्या. मंग न्या.”

फौजदारांची छडी तशीच राहिली. एवढं गाव बघत होतं. त्यांनी छडी काखेत मारली आणि जमादाराला कागद काढायला सांगितलं.

“पंच कोण?”

कुणी पुढं होईना. हिंदुराव धोतराचा सोगा झटकत बसले. शेवटी रामहरी उठला.

“मी बगितलंय, सायेब. सवण्यातनं. आंगावर एक वळ हाय, डाव्या खांद्याला. दगडाचा हाय.”

“कुणी मारला?”

“मी.”

“वेड लागलंय का तुला? पंच म्हणून आलास आणि आरोपी व्हतोस?”

“मंग पंच दुसरा घ्या. पर त्यो वळ माजा हाय, तेवढं लिवा. त्येच्यापरीस जादा काय झालं तर ते माजं न्हाय. गावाचंबी न्हाय.”

फौजदारांनी जमादाराला मानेनं खूण केली. मग लिहिलं गेलं. पंच म्हणून सही करायला गावातला मोठा माणूस हवा होता, तेव्हा हिंदुरावांनाच बोलवावं लागलं. चोराच्या अंगावर त्या एका वळाखेरीज दुसरी जखम नाही, असं वाचून दाखवलेलं त्यांनी ऐकलं आणि खाली सही ठोकली. चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला होता.

चोराला सजा झाली. पण कोर्टात तो आपल्या पायानं चालत आला, असं साक्षीला गेलेल्या रुद्रप्पानं सांगितलं. रामहरीला त्या दगडापायी दंड बसला, तो त्यानं भरला.

बैल काही उठला नाही. मृग निघाला तेव्हा रामहरीच्या दावणीला एकच बैल उरला होता. चन्नम्मानं न बोलता आपला पांढरा बैल त्याच्या अंगणात नेऊन बांधला. रामहरी म्हणाला, “वैनी, ह्यो उजव्या अंगाला चालतोय का डाव्या?”

“डाव्या,” ती म्हणाली. “जरा हट्टी हाय. वडून धर.”