लोटनच्या नावाचं कार्ड

धुळ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे अभिमन देसले आणि लोटन बैसाणे एकाच वर्षी नोकरीला लागले होते. १९८८ साली दोघांचे शोधनिबंधही एकाच महिन्यात छापून आले. साठवणीच्या ज्वारीला लागणाऱ्या किडीवर निंबोळीचा अर्क, हा अभिमनचा विषय. लोटनचा विषय पारोळा तालुक्यातल्या विहिरींचं खारट पाणी. दोघांनाही निबंधाच्या पंचवीस-पंचवीस सुट्या प्रती मिळाल्या. अभिमनने आपला गठ्ठा न सोडताच कपाटात ठेवला. छापून आलं म्हणजे काम झालं, असं त्याचं सरळ मत.

लोटन मात्र प्रती घेऊन कामाला लागला. विद्यापीठांना धाडल्या, जळगाव आकाशवाणीवर दहा मिनिटं बोलून आला. निबंधाचं सार अहिराणीत एका पानावर उतरवलं, सायक्लोस्टाइल केलं आणि रविवारी एसटीने गावोगाव जाऊन वाटू लागला.

"अरे, तू संशोधक आहेस की दंतमंजन विकणारा?" अभिमनने एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत विचारलं.

"ज्यांच्या विहिरीतून बाटल्या भरून आणल्या, त्यांना निकाल सांगायला नको?" लोटन हसत म्हणाला.

त्या हसण्याने अभिमनच्या अंगाचा तिळपापड झाला. प्राचार्य आता लोटनला वाटेत थांबवून चौकशी करत. कंडक्टर त्याला 'रेडिओवाले सर' म्हणत. अभिमनला कुणी काहीच म्हणत नव्हतं.

ऑगस्टमध्ये विभागाच्या टपालात हंगेरीहून एक कार्ड आलं. एका प्रयोगशाळेने निबंधाची प्रत मागवली होती. अभिमनने घाईघाईने नाव पाहिलं. बैसाणे. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्याने कार्ड खिशात घातलं. घरी ते एका जाड पुस्तकात दडवलं, पण अधूनमधून काढून वाचायचा, आणि वाचताना लोटनच्या नावावर अंगठा ठेवायचा.

दिवाळीला तो पारोळ्याजवळच्या आपल्या गावी गेला. माठावरच्या भिंतीला लोटनचा कागद पिठाच्या खळीने चिकटवलेला. अभिमनची आई भिकुबाई कौतुकाने सांगू लागली, "तो मास्तर उनता. तुनासंगे शिकाडस म्हने. ओट्यावर बसना, च्या पिना, बठ्ठं समजाडीसन गया." मग तिने सहज विचारलं, "तू बी काही लिखेल शे का रे?"

"शे."

"मंग आम्हले काब नही सांगं?"

का नाही सांगितलं, हे टाळून अभिमन हात धुवायला मोरीकडे गेला. लोटन त्याच्या घरात, त्याच्याच आईला समजावून गेला होता. तिसऱ्या दिवशी आई ज्वारी पाखडायला बसली, तेव्हा समोर बसून त्याने निंबोळीचं सांगायला सुरुवात केली. पुस्तकी मराठी सुटेना. आईने सूप थांबवलं. "पन एक मन ज्वारीले निंबोळ्या किती लागतीन?"

त्याच्या निबंधात ग्रॅम होते आणि काचेच्या बरण्या होत्या. मणाचा हिशेब त्याने कधी केलाच नव्हता.

सुट्टी संपल्यावर त्याने ते कार्ड लोटनच्या टेबलावर ठेवलं. लोटनने शिक्का पाहिला. "ऑगस्टचं? पोस्टवाल्यांनी कमालच केली."

अभिमनने मान डोलावली असती, तर विषय तिथेच मिटला असता. पण तोंडून निघून गेलं, "पोस्टाचा दोष नाही. माझ्याकडे होतं."

"इतके दिवस?"

"हो."

लोटनने कपाटातून प्रत काढली, पाकिटात घातली आणि पाठ फिरवून पत्ता लिहू लागला. सात वर्षं दोघं एकत्र चहाला जात. दुसऱ्या दिवसापासून लोटन एकटा जाऊ लागला.

फेब्रुवारीत नशिराबादला लोटनचं व्याख्यान ठरलं. त्याने अभिमनला बोलावलं नव्हतं. कॉलेजच्या फलकावर वाचून अभिमन गेला, मागच्या रांगेत बसला. लोक लोटनला विहिरींबद्दल विचारत होते, लोटन एकेकाला नावाने हाक मारून सांगत होता. शेवटी टाळ्या वाजल्या, आणि अभिमनला पुन्हा तसाच हेवा वाटला. तरी त्याने टाळ्या वाजवल्या आणि लोटनचं लक्ष जायच्या आत धुळ्याची बस पकडली.