एका हाताचा वाईड

केबल मी तोडली. ह्यांनी नाही आणि मुलानेही नाही. त्यामुळे पुढे जे झालं ते माझ्याच खाती, आणि मी ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

आमचे हे, म्हणजे विष्णुपंत, गोरेगावच्या शाळेत क्लार्क होते. सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं. पण नोकरी हा ह्यांचा जोडधंदा होता, खरं काम पंचगिरी. सेनगाव तालुक्यात कुठेही टेनिस बॉलचे सामने लागोत, पांढरी टोपी घालून आणि सायकलवर टांग मारून हे निघालेच. भाऊबीजेला बहिणी ओवाळायला येऊन बसल्यात आणि भाऊ मैदानात दोन्ही हात पसरून वाईड देतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मैदानात एवढा आवाज, पण घरात तोंड बंद. चाळीस वर्षांत मला कधी नावाने हाक मारली नाही. नुसतं ‘अगं’. ‘अगं, चहा.’ ‘अगं, चष्मा कुठंय?’ माझं नाव सुधा आहे हे ह्यांना रेशनकार्ड बघून आठवत असेल, असं मी भजनाच्या बायकांत सांगायची आणि सगळ्या हसायच्या.

गेल्या दिवाळीनंतर ह्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. ‘अगं’सुद्धा गेलं. ज्याची मी चाळीस वर्षं टिंगल केली ते एकदा ऐकू यावं म्हणून मी देवापुढे बसायला लागले.

हिंगोलीला बोलण्याचा व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी मला नीट बसवून सांगितलं, “काकू, आधी सवयीचे शब्द परत येतात. विचार न करता निघतात ना, तसले. आणि पहिले सहा महिने फार मोलाचे आहेत. एक जरी शब्द यायला लागला तरी तो बंद पडू देऊ नका. जे काही त्यांना बोलतं करतंय, ते चालू ठेवा.”

आणि महिन्याभराने शब्द आला. दुपारी टीव्हीवर भारताचा वनडे चालू होता. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. बाहेरून आवाज आला, “वाईड!” मी मेथी तशीच टाकून पळाले. हे खुर्चीत बसलेले, डावा हात आडवा पसरलेला. उजवा मांडीवर पडून होता. एकाच हाताचा वाईड, पण शब्द अख्खा होता. पुढच्या सामन्यात “नो बॉल” आलं. त्याच्या पुढच्यात “नॉट आऊट”. मी हिंगोलीच्या गोळ्यांना दुवा दिला आणि औंढ्याच्या नागनाथाला अभिषेक बोलले. टीव्हीला कुणी दुवा देतं का? माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता केबलचं सांगते. आमच्याकडे केबल प्रेमदासची. गावाबाहेरच्या तांड्यावरचा पोरगा, म्हणजे आता चाळिशीला आला असेल, पण मला पोरगाच वाटतो. दर महिन्याच्या पाच तारखेला तो फाटकात मोटारसायकल लावायचा आणि आमचं भांडण सुरू व्हायचं. “मी बघत नाही ते तेलगू चॅनल कशाला घातलेस?” तो म्हणायचा, “काकू, ते वरूनच येऊन राहिलं, मी काय करू?” खेळाचे चॅनल वेगळे, त्याचा आकार वेगळा, आणि तो दर दोन-चार महिन्यांनी वाढणार. मी त्याला फाटकातच उभा ठेवायची. कधी आत ये म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

ह्यांच्या आजारपणात हिंगोलीच्या फेऱ्या वाढल्या, तेव्हा कुठे कात्री लावता येईल ते मी बघायला लागले. पुण्याहून अनिरुद्ध, आमचा मुलगा, फोनवर म्हणाला, “आई, केबलचे पैसे कशाला घालवतेस? माझ्याकडे खेळाचं ॲप आहे, तुझ्या मोबाईलवर तेच चालू करून देतो. बाबांना सगळ्या मॅच लाइव्ह दिसतील.” मला हे फार पटलं. पाच तारखेला मी प्रेमदासच्या हातात त्याचा बॉक्स ठेवला आणि जरा तोऱ्यातच म्हणाले, “आता आम्हाला मोबाईलवर फुकट दिसतं.”

मला वाटलं तो वाद घालेल. त्याने बॉक्स पुसून पिशवीत ठेवला, ओसरीवर बसलेल्या ह्यांच्याकडे बघून हात जोडले आणि गेला. त्या दिवशी मी जिंकल्यासारखी झोपले.

पुढचा सामना आला. मी मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून ह्यांच्यासमोर ठेवला. चित्र स्वच्छ. हे पुढे सरकून बसले. गोलंदाज धावत निघाला आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे पुंजाजींच्या घरात एकच आरडा झाला, “गेलाऽऽ!” पुंजाजी आमचे शेजारी, घरात चार मुलगे आणि सगळे घसा फाडून मॅच बघणारे. आमच्या मोबाईलवर तो गोलंदाज अजून धावतच होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या घरात आरडाओरडा नेहमीचाच, माझं अर्धं लक्ष चुलीवरच्या दुधात.

पण हे त्या दिवशी काही बोलले नाहीत. वाईड नाही, नो बॉल नाही. पुढच्या सामन्याला अर्ध्या तासात मान खाली घातली. तिसऱ्या वेळी मी मोबाईल समोर ठेवला तर ह्यांनी डाव्या हाताने तो पालथा केला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी घाबरले. आलेले तीन शब्द परत गेले होते. चौथा महिना संपत आला होता. हिंगोलीच्या बाईंनी तपासलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. घरी आल्यावर मी ह्यांच्यासमोर बसून ओरडले, “बोला ना! नुसतं वाईड म्हणा! त्या दिवशी येत होतं ना?” ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आजारी माणसावर ओरडणारी बायको म्हणून मी स्वतःला ओळखलं नव्हतं, त्या दिवशी ओळख झाली.

त्यानंतरच्या रविवारी प्रेमदास आला. केबलच्या बॉक्सचं चार्जर आमच्याकडे राहिलं होतं. दुपारी भारताचा सामना चालू होता. अनिरुद्धच्या आग्रहामुळे मी मोबाईल पुन्हा लावून ठेवला होता आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. चार्जर शोधायला मला वेळ लागत होता, म्हणून नाइलाजाने त्याला दारात उभं केलं. पलीकडे पुंजाजींची पोरं ओरडली, “चौका!” मग इकडे मोबाईलमध्ये गोलंदाजाने चेंडू हातात घेऊन पुसला, धावला, टाकला आणि चौका गेला.

प्रेमदास आणखी दोन चेंडू तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, “काकू, भाऊसाहेब काहून तिकडं तोंड करून पडले?”

“काय सांगू रे,” मी म्हणाले. “शब्द यायला लागले होते, ते बंद झाले. मॅचसुद्धा बघत नाहीत.”

“कसे बघतील? तुमचा मोबाईल मागं चालून राहिला. नेटवरची मॅच अर्धा मिनिट उशिरा येते, आपल्या गावात तर त्याहून जास्त. आऊट व्हायच्या आधी पुंजाजीकाकाच्या घरातून कळून राहिलं का आऊट झाला म्हणून. मग पंचानं काय करायचं, काकू? निकाल आधी लागला, चेंडू मागून आला.”

मी मोबाईल उचलून बंद केला. तीन शब्द गोळ्यांनी नव्हते आणले. ते चेंडूने आणले होते, आणि चेंडू हातातून निघायच्या आधी मी निकाल ह्यांच्या कानात ओतत होते. ह्यांनी भिंतीकडे बघताना मान किंचित वळवली होती. ऐकत होते.

“उद्यापासून केबल चालू कर बाबा,” मी म्हणाले. “काय असेल तो आकार देते.”

“न्हाई, केबल नका घेऊ,” प्रेमदास म्हणाला. “भारताचे वनडे दूरदर्शनच्या फुकटच्या डिश छत्रीवर दिसतात. महिन्याला एक रुपया न्हाई. केबलवर ते फुकट दिसत न्हाई, छत्रीवरच दिसतं. माझ्या आईच्या घरावर जुनी छत्री पडून आहे, बॉक्सपण आहे. ती आता माझ्याच केबलवर मालिका बघते. मी घेऊन येतो.”

“अरे, पण तुझं गिऱ्हाईक गेलं ना त्यात?”

त्याने ह्यांच्या पाठीकडे बघितलं. “काकू, पंधरा वर्षं झाली. गोरेगाव आन आमचा तांडा, फायनल होती. शेवटच्या चेंडूवर मी पळालो. अख्खं मैदान ओरडून राहिलं, रनआऊट, रनआऊट. गाव यांचं, टीम यांची, बक्षीस देणारे सरपंच यांचे. भाऊसाहेबांनी दोन्हीकडं बघितलं आन म्हणले, नॉट आऊट. आमी जिंकलो. आमच्या तांड्याला तोवर कुणी कपच दिला न्हवता.”

मला तो दिवस आठवला. हे रात्र पडायच्या सुमारास सायकल हातात धरून चालत घरी आले होते, दोन्ही चाकांची हवा गेलेली. मी विचारलं तर म्हणाले, काटा लागला. दोन्ही चाकांना एकदम काटा कसा लागतो म्हणून मी तासभर बोलले होते. ह्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि मी पंधरा वर्षं तो काटाच धरून बसले होते.

तासाभरात प्रेमदास छत्री घेऊन आला. शिडी लावून गच्चीवर चढला. मी खाली टीव्हीसमोर उभी, चित्र आलं की ओरडून सांगायचं होतं. पण मला काय कळतंय? कधी रेघा, कधी निळा पडदा, कधी चौकोन चौकोन. “आलं का?” तो वरून ओरडायचा. “आलं! नाही, गेलं! आता काहीतरी दिसतंय, पण ते माणूस आहे की झाड?”

असं दहा मिनिटं चाललं. मग खाटेचा आवाज झाला. हे डाव्या कोपरावर जोर देऊन उठत होते. मी धरायला गेले तर त्यांनी मला बाजूला व्हायची खूण केली, मी टीव्हीच्या आड येत होते. पडद्यावर चित्र फाटलं. ह्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं आणि डावा हात आडवा पसरला.

“प्रेमदास!” मी गच्चीकडे तोंड करून ओरडले, “वाईड म्हणतायत!”

वरून हसू ऐकू आलं. “बराबर हाय! जास्त फिरवली मी!” त्याने छत्री थोडी परत वळवली. पुन्हा हात आडवा. अजून थोडी. चित्र थरथरलं, स्थिर झालं, हिरवंगार मैदान दिसलं आणि ह्यांचा हात खाली आला. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येत नाही.

सामना शेवटाकडे आला होता. आपले दोन फलंदाज धाव घ्यायला पळाले, फेक आली, यष्ट्या उडाल्या आणि फलंदाजाने आडवा पडून बॅट पुढे सारली. मैदानातल्या पंचाने बोटांनी हवेत चौकोन काढला, म्हणजे टीव्हीवर बघून ठरवणार. पलीकडे पुंजाजींचं घर चिडीचूप झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्या घराला निकाल माहीत नव्हता.

“नॉट आऊट,” हे म्हणाले.

स्पष्ट आणि शांतपणे, मैदानात म्हणायचे तसं. पडद्यावर मग ते दृश्य हळूहळू फिरवून दाखवायला लागले, एकदा, दोनदा, आणि मग तेच शब्द हिरव्या अक्षरांत उमटले. त्यानंतर पुंजाजींच्या घरात आरडा झाला. मी पदर डोळ्यांना लावला. ज्यांनी कुणी ती छत्री आकाशात कुठे बघते ते ठरवलं असेल त्या सगळ्यांचे, दूरदर्शनचे, तांड्याचे आणि त्या पोराच्या आईचे मी मनातल्या मनात पाय धरले.

प्रेमदास शिडीवरून उतरला. हात झटकले, उरलेली वायर गुंडाळली, ह्यांना नमस्कार केला. पैशाचं विचारलं तर म्हणाला, “जुनंच तर होतं, काकू.” आणि सवयीने सरळ फाटकाकडे निघाला, जिथे मी त्याला इतकी वर्षं उभं ठेवलं होतं. त्याने मोटारसायकलला किल्ली लावली.

मागून आवाज आला.

“अगं.”

मी वळले. हे फाटकाकडे बघत होते. ओठ हलत होते, पुढचा शब्द कुठेतरी अडला होता, आणि मी श्वास धरून उभी राहिले. घाई केली नाही. ह्यांनी डावा हात उचलून प्रेमदासकडे दाखवला.

“अगं... चहा.”

मी फाटकापर्यंत पळत गेले आणि त्याची किल्ली काढून घेतली. “आत ये,” मी म्हणाले, “भाऊसाहेबांनी सांगितलंय.”