बिब्ब्याचे डाग

गोजरबाईने ब्लाऊजचे वरचे दोन हुक काढले आणि हात तिथेच थांबला. दार आतून लावलेले, डॉक्टरबाई सोनोग्राफीच्या मशीनकडे तोंड करून बसलेल्या, खोलीत पुरुषाची सावलीसुद्धा नाही. तरी हात काही पुढे सरकेना. सगळा संसार दिवा मालवून केलेली बाई ती. तीर्थपुरीहून जालन्याला निघतानाही तिने गल्लीत गुडघेदुखीचे नाव पुढे केले होते.

उजव्या छातीतली गाठ घरात फक्त सुनेला ठाऊक होती. दिवाळीत पाठ चोळून देताना ती आकांक्षाच्याच हाताला लागली आणि तेव्हापासून पोरीने डॉक्टरचा धोशा लावला होता. आजही ती अर्ध्या शाळेतून रजा टाकून आली होती.

"मावशी, सगळं मोकळं करा. उजवा हात डोक्यावर घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि वळल्या. वळल्या त्या बघतच राहिल्या.

छातीवर काळे डाग होते आणि दोन ताजे फोड. आकांक्षाही ते पहिल्यांदाच बघत होती.

"बिब्बा? कोणी लावला हा?"

गावात कुणाचे काही सुजले, की बिब्बा घालायला गोजरबाईलाच बोलावणे यायचे, आणि त्याचा तिला केवढा तोरा होता. चुलीपाशी बसून, सुई तापवून, तिने स्वतःच्या हाताने हे करून घेतले होते. आता मात्र लाजेने तिची जीभ भलतीकडेच वळली.

"सुनेनं लावला. म्या नको म्हनलं व्हतं."

आकांक्षाने मान वर केली. सासूकडे पाहिले. गळ्यात शाळेचे ओळखपत्र तसेच लटकत होते. डॉक्टरबाईंनी नेमके तेच धरून तिला फैलावर घेतले. पोरांना हेच शिकवतेस का, आईची गाठ असती तरी असेच केले असतेस का, असे बरेच काही बोलल्या.

"चुकलं माझं, मॅडम," आकांक्षा म्हणाली.

मग गारगार जेल अंगावर पडले. दुखेल, करंट बसेल असे गोजरबाईने काय काय मनात धरले होते. तसले काहीच झाले नाही. फोड चुकवत मशीनची ती गुळगुळीत मूठ छातीवरून फिरत राहिली, गाठीपाशी आली की थोडी दाबायची. पडद्यावर राखाडीत एक काळा ठिपका दिसला. वाईट निघाली तर, एवढेच तिच्या डोक्यात होते. बाकीचे ती पार विसरून गेली.

"पाण्याची गाठ आहे, मावशी. घाबरण्यासारखं काही नाही. फोडांना तेवढं मलम लिहून देते."

डॉक्टरबाई लिहायला बसल्या. आकांक्षाचे डोळे भरून आले होते. तिने टिश्यूचा कागद घेतला आणि फोडांना धक्का न लावता सासूच्या अंगावरचे जेल पुसू लागली. एका फोडावर तिने हळूच फुंकरही घातली. हिने एखादा तरी शब्द टाकून बोलायला हवा होता, असे गोजरबाईला वाटले. तो आलाच नाही.

तिने बाजूला पडलेला पदर ओढला. छाती तशीच उघडी राहिली. पदर तिने तोंडावर घेतला.

"आत्या, आता कशाची लाज?" आकांक्षा हसत म्हणाली. "झालं की सगळं."

गोजरबाईने तोंडावरचा पदर आणखी घट्ट धरला.