लंगड्या बकरीचा चवथा पाय

आता मी जे सांगतो ते सारं खरं हाये. हसू नका. माह्या म्हातारीच्या तोंडून खरी गोठ वर्साकाठी एखादी निघते, अन् औंदाची हेच व्हय.

माही नात रुचिका सिंदी रेल्वे गावात घरीच जाकिटं शिवते. सुती, बिनबाह्यायची. सावंगीच्या डाक्टरकीच्या पोट्ट्या लय घालतात. डाव्या खिशाच्या तोंडावर एक बकरी उभी राह्यते. ते बकरी मी हातानं सुईधाग्यानं काढतो. तिले पाय तीन. म्हनून मालाचं नाव 'लंगडी बकरी'. रुचिकानं मागच्या साली सरकारात अर्ज केला, का बा हे नाव अन् हे चित्र आमची निशानी, दुसऱ्यानं लावाची नाई. पक्का कागद यायचाच हाये.

गिऱ्हाईक आलं का पहिले इचारते, "आजी, चवथा पाय कुठं गेला?"

आता असं इचारल्यावर मी सरळ उत्तर देल्लं, तर मले कौशल्याबाई कोन म्हनन? एकाले सांगतलं, बोरच्या जंगलातल्या वाघानं नेला. दुसऱ्या दिवशी मीठ कमी हाये म्हनून वापस द्याले आला, तर बकरीनंच घेतला नाई. एकीले सांगतलं, बकरी गाडीतून सिंदीच्या फलाटावर उतरून राह्यलती, तीन पाय उतरले अन् गाडी सुटली. चवथा नागपूरले गेला, तठीच नोकरीले लागला, दिवाळीले येते.

लोक हसत अन् जाकीट घेऊन जात. रुचिका मातर मागं लागे, "आजी, मले तरी खरं सांग वो."

"मरतानी सांगीन."

"मंग तारीख सांगून ठेव, मी सुट्टी घेतो."

चावट पोट्टी. माह्यावर गेली.

तर वर्धेले बचत गटायचं प्रदर्शन भरलं. आम्ही दुकान लावलं अन् समोर पाहतो त काय! समोरच्या दुकानात आपलीच बकरी! तेच शिंगं, गळ्यात तेच घंटी, तेच तीन पाय. शंभर बकऱ्या ओळीनं टांगलेल्या, मशीनीनं काढलेल्या, शाळेतल्या कवायतीले उभ्या केल्यासारख्या. माह्या बकऱ्या अशा नाईत. एखादी रुसलेली राह्यते, एखादी गाभन, एखादी तर डिट्टो माह्या जावेसारखी पाहते.

अन् त्या दुकानातल्या मालाच्या नावाच्या बाजूले गोलात इंग्रजी आर!

"आजी, आर तर नोंदनी झाल्यावरच लावता येते," रुचिका दात खाऊन म्हने. "माही झाली नाई म्हनून मी नुसतं टीएम लावतो. यानं सरळ आर ठोकला!"

दुकानवाला कैलास. केसायले तेल लावून चापून बसवलेले, हातात तीन अंगठ्या. रुचिका भांडाले गेली तर उलटा तोच वरडला, "ताई, माह्या बकरीची नक्कल करता अन् मलेच डोळे दाखवता?"

गर्दी जमली. प्रदर्शनाच्या सरिता मॅडम आल्या. त्यायनं रुचिकाले कागद मागतला. रुचिकानं अर्जाची पावती दाखवली. कैलासले मागतला तर म्हने, "माहा कागद घरी हाये. पन बकरी मी हिच्या अर्जाच्याही पहिलेपासून लावून राह्यलो. इचारा कोनाले बी."

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "चार वाजता कॉलेजची माणसं येणार आहेत, दोनशे जाकिटांची ऑर्डर द्यायला. त्याच्या आत खरं काय ते ठरवा. ज्याची बकरी नकली, त्यानं आपलं दुकान उचलायचं."

साडेतीन झालते. रुचिकाचं तोंड एवढुसं झालं. दोन वर्सं तिनं त्या मशीनीवर पाय मारले, अन् आता आपल्याच बकरीची चोर आपनच ठराची पाळी.

मॅडमनं मले इचारलं, "आजी, बकरी तुम्हीच काढता ना? मग सांगा, तिला तीनच पाय का?"

मी तोंड उघडाच्या आधीच गर्दीतून एक जन म्हने, "वाघानं नेला मॅडम, मीठ कमी होतं." दुसरी म्हने, "नाई नाई, तो नागपूरले नोकरीले हाये." सावंगीची स्वीटी, शिकाऊ डाक्टरीन, आमचंच जाकीट घालून उभी होती. ते म्हने, "मला तर आजींनी सांगितलं की पाय दवाखान्यात भरती आहे, आणि बिल भरल्याशिवाय सोडत नाहीत!"

साऱ्या मैदानानं दात काढले. कैलास तर पोट धरून हसला. "पाहा मॅडम! बाईले सोताच्या बकरीचं माहीत नाई. माही बकरी मॉडर्न डिझाइन हाये, म्हनून तीन पाय. संपला विषय."

रुचिका माह्या कानात म्हने, "आजी, पाया पडतो तुह्या. आज एक डाव खरं बोल."

आली का पंचाईत! कारन खरं सांगाची बंदी होती. माह्या सासूचा दंडक होता: वाकळ असो का झबलं, हातची वस्तू पुरी करून लोकायले दाखवाची नाई. शेवटचा तुकडा आतून लपवाचा. अर्धीच दिसली का नजर लागत नाई. अन् कुठं लपवला ते कोनाले सांगतलं, का मंग नजर लागलीच समजा. पंचावन्न वर्सं म्या ते पोटात ठेवलं. पोटात दुसरं काई राहत नाई माह्या, पन ते राह्यलं.

पन पोट्टीचे डोळे भरून आलते. म्या मनात सासूले म्हटलं, मामी, माफ करजो, वर आल्यावर भांडू.

"मॅडम," म्या म्हटलं, "चवथा पाय खिशात हाये."

मंग जो हशा झाला! "आजीनं नवी सोडली!" म्हनून कोनी टाळ्या वाजवल्या. जिंदगीत पहिल्यांदा चारचौघात खरं बोलली अन् एकानंही मानलं नाई.

म्या स्वीटीले धरलं. "बाई, डावा खिसा उलटा कर."

तिनं खिशाची थैली बाहेर ओढली. दोन पेन पडले, बसचं तिकीट पडलं, अर्धी खाल्लेली चिक्की पडली. अन् पांढऱ्या थैलीवर पांढऱ्या धाग्यानं काढलेला, बरोबर बकरीच्या पोटाखाली, खुरासकट चवथा पाय!

"अगं बाई!" स्वीटी वरडली. "मला वाटायचं धागा सुटलाय!"

मंग काय इचारता! मैदानात जेवढे लोक आमचं जाकीट घालून होते, साऱ्यायनं खिसे उलटे केले. एका साहेबाच्या खिशातून बायकोनं दिवाळीले देल्लेली सामानाची चिठ्ठी निघाली, ते बायको बाजूलेच उभी होती. त्यायचं पुढं काय झालं मी नाई सांगत. पन पाय सगळ्यायच्या खिशात निघाला. रुचिका नुसती पाहूनच राह्यली. बटन लावाच्या बहान्यानं आजी रोज जाकीट काऊन मांगते, ते आता समजलं तिले.

"आता तुमची दाखवा," मॅडम कैलासले म्हणाल्या.

कैलास म्हने, "कायले?" मॅडमनंच एक जाकीट उतरवलं अन् खिशात हात घातला. हात जाईच ना! खिसा नव्हताच बाप्पा! नुसती वरून पट्टी शिवलेली. पायाले तर सोडा, माशीले घुसाले जागा नाई.

म्या म्हटलं, "कैलास बाबू, बकरी चोरली ते चोरली, खिसा त आपला लावाचा होता!"

चारले पाच कमी होते तवा त्यानं दुकान गुंडाळलं. जातानी त्याच्या शंभर बकऱ्यायपैकी एकीनं मले डोळा मारला. खोटं वाटते त राहू द्या. दोनशे जाकिटांची ऑर्डर मातर रुचिकालेच भेटली, हे कागदावर हाये.

येतानी गाडीत पोट्टीनं माहा हात सोडला नाई. मंग सिंदी आल्यावर एकदम म्हने, "आजी, आता साऱ्या दुनियेले माहीत झालं. उद्या तो कैलास खिसा बी लावन अन् आत पाय बी टाकन. मंग वो?"

"टाकू दे," म्या म्हटलं. "त्याच्या बकरीले शेपूट कुठं हाये?"

"शेपूट?"

"माह्या बकरीले तरी तुले दिसलं काय कधी?"

तिनं तठीच फलाटावर पिशवीतून जाकीट काढलं. बकरीले शेपूट नव्हतं. इतक्या दिवसात कोनाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

आज तिसरा दिवस हाये. पोट्टी जाकीट उलटं करते, सुलटं करते, कॉलरीत पाहते, शिलाईत पाहते, भिंग घेऊन बसते. मी चहा पिऊन राह्यली.