फळ्यावरचं पाणी

"उचल तुजा क्यान आन् चालाय लाग!" चंद्राबाई उंबऱ्यात उभी राहून भावावर ओरडत होती. "आमच्या आडात काय मढं पडलंय व्हय रं, म्हनून मी फ्याक्टरीचं पानी पिऊ?"

भाऊसो सायकल धरून उभा होता. मागं कॅरेजला पांढरा क्यान बांधलेला. चैताचं ऊन नुसतं भाजत होतं आणि त्याच्या कपाळावरनं घामाचे ओघळ चालले होते.

"आक्का, ऐक की. लय चांगलं पानी हाय. निदान पोरीला तरी दे."

"का म्हनून? आडाच्या पान्यात काय वाईट हाय ते सांग, मग घेते."

भाऊसोनं तोंड उघडलं. मी माझ्या अंगणात मेंढरं भादरत बसलो होतो, मला ते स्पष्ट दिसलं. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"तसं काय न्हाई," तो म्हणाला. "आपलं, उन्हाळा हाय म्हनून."

"मग उन्हाळ्याचं तुजं तूच पी." चंद्राबाईनं क्यान सोडवून घेतला आणि सगळा शेवग्याच्या बुडात उपडा केला.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आमची बोरजाईवाडी म्हणजे सातारा संपतो आणि सांगली सुरू होते तिथला माळ. हुलगा, मटकी, बाजरी, त्याखेरीज काही पिकत नाही. वाडीच्या वरच्या अंगाला डोंगर आणि डोंगरापलीकडं दारूगोळ्याचा कारखाना. चीनच्या लढाईनंतर तो आला, तेव्हा आमच्या बापजाद्यांनी आपणहोऊन जमिनी दिल्या. वाडीत चार घरांमागं एक माणूस पलटणीत. आपल्याच पोरांच्या हातात जाणारा गोळा आपल्याच माळावर भरला जातो, ह्याचा आम्हाला लय अभिमान. कारखान्याविरुद्ध बोलणारा माणूस वाडीत नव्हता, आणि असता तर त्याला कोणी बोलू दिलं नसतं.

भाऊसो तिथं पाण्याच्या खात्यात होता. कारखान्याच्या तळ्यातनं, गटारातनं, ओढ्यातनं, आमच्या आडातनं बाटल्या भरायच्या, आत नेऊन तपासायच्या आणि वहीत आकडा लिहायचा, एवढंच त्याचं काम. आडावर बाटली भरताना आम्ही रोज बघायचो. कोणी विचारलं तर तो हसून म्हणायचा, "सरकारी काम हाय गड्या." कामाला लागताना त्याच्याकडनं सही घेतली होती, आतलं बाहेर बोलायचं नाही म्हणून.

चंद्राबाई त्याची थोरली बहीण. नवरा मुंबईला होता, तिकडंच वारला. तिथनं ती पोरीला कडेवर घेऊन माहेरी आली. भाऊसोनंच तिला माझ्या शेजारची जागा दिली, भिंती घालून दिल्या. पोरगी शालन. काय सांगावं त्या पोरीचं! अंगानं दणकट, बोलायला फटकळ. माझ्या एडक्याला तिनं स्वतःच्या बांगड्यांचा आवाज ओळखायला शिकवलं होतं. तिनं हात वाजवला की तो माझं ऐकायचा नाही, तिच्या मागं पळायचा. पाण्याला गेली की दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घागरीही तीच ओढायची आणि दमली की बादलीतनंच ओंजळीनं पाणी प्यायची. मंगसरात तिचं लग्न धरलं होतं. मुलगा पलटणीतला.

आता माझं सांगतो. त्या साली माझी मेंढरं ओढ्याच्या पाण्याला तोंड लावेनाशी झाली होती. काठाला जायची, हुंगायची आणि माघारी फिरायची. पाणी कोऱ्या चहासारखं दिसायचं. मी एकदा भाऊसोला विचारलं तर तो म्हणाला, "माती आसंल." मी पुढं विचारलं नाही. माझा थोरला संपत कारखान्यात पेट्या भरायला होता. मेंढरं मी दुसऱ्या अंगाला वळवली आणि गप बसलो.

दसऱ्याच्या सुमाराला शालनला थकवा यायला लागला. एक घागर घेतली तरी धाप लागायची. मग डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून आमच्या आळीतल्या रंगुबाईनं पाला वाटून दिला, पथ्य झालं, पण पोरगी उतरतच गेली. नखं पांढरीफटक पडली. भाऊसोनं जीप आणली आणि आम्ही तिला सांगलीला दवाखान्यात नेलं. चंद्राबाई, भाऊसो आणि मी.

डॉक्टर तरणाच होता, पण माणूस बारकाईनं बघणारा. शालनचं रक्त बघून तो बाहेर आला आणि त्यानं चंद्राबाईला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"आडाचं."

"जवळ कुठं रसायनाचा कारखाना वगैरे?"

"दारूगोळ्याचा हाय, पर त्यो डोंगराच्या पल्याड. ह्यो माजा भाऊ तितंच हाय कामाला."

डॉक्टरनं तिच्या मागं उभ्या असलेल्या भाऊसोकडं बघितलं. "तिथलं काही पाण्यात उतरतं का? आठवून सांगा. त्यावर औषध ठरवता येईल."

भाऊसोचा हात बाकाच्या पाठीवर होता. बोटं पांढरी पडेस्तवर त्यानं ती पाठ दाबून धरली.

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "तसं काय न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी, आक्टोबराच्या शेवटाला, शालन गेली. जाण्याआधी तिनं मामाचा हात धरला होता. "मामा, मला घरी न्हे की," म्हणाली. लग्नात मामानं भाचीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. ह्या मामानं तिला खांद्यावर घेतलं.

त्यानंतर दोन वर्षं भाऊसो माणसांत नव्हता. जेवायला बसला की ताट सारायचा. बायको म्हणायची, भाचीचा घोर लागलाय. आम्हीही तसंच समजलो. चंद्राबाई उलट त्यालाच धीर द्यायची. "नशीब तिचं. तू तरी काय करनार हुतास?" असं म्हणून त्याच्या पाठीवरनं हात फिरवायची. तो हात पाठीला लागला की भाऊसो उठून बाहेर जायचा.

शहाण्णवला कारखान्यात ज्ञानदा मॅडम म्हणून नवीन साहेबीण आली. साताऱ्याची बाई, तिशीतली, बोलायला सरळ. आल्या आल्या तिनं पाण्याच्या जुन्या वह्या मागवल्या आणि चार दिवस बसून वाचल्या. मग भाऊसोला बोलावलं. हे पुढं त्यानंच मला सांगितलं.

"हे आकडे खाली वाडीला कळवलेत?" मॅडमनं विचारलं.

"न्हाई. साहेबांस्नी दर म्हैन्याला देत हुतो. भाईर बोलायचं न्हाई म्हनून सही घेतलीया."

मॅडमनं वही मिटली. "गोळ्यात काय भरतात ते गुपित असू दे, भाऊसो. माणसं काय पितात ते कसं काय गुपित?"

तिनं वर पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही की पुन्हा लिहिली. वरचे साहेब चिडले, तिला बोलले, पण तिनं सोडलं नाही. आठ महिने गेले. शेवटी सत्त्याण्णवच्या माघात कारखान्यानं वाडीला शाळेच्या पटांगणात बोलावलं. अशी गोष्ट आमच्या जन्मात झाली नव्हती. टेबलामागं मोठे साहेब आणि मॅडम, कडेला भाऊसो, आणि समोर सगळी वाडी.

मॅडमनं आडवळण घेतलं नाही. कारखान्यात गोळ्याची दारू भरायची भांडी धुतलेलं पाणी तळ्यात साठतं, ते जमिनीतनं झिरपून ओढ्यात आणि आडात उतरलंय, असं तिनं सरळ सांगितलं. "जिथं त्या विषाचा आकडा एक असला तर चालतो, तिथं तुमच्या आडात ह्या महिन्यात नऊ आहे. आजपासून हे पाणी कोणी पिऊ नका, गुरांना पाजू नका. तळं उपसून आम्ही त्याला पक्का तळ करणार आहोत. तोवर टँकर आणि मग नळ."

मग रंगुबाई उठली. "कवापासनं हाय हे?"

मॅडमनं मोठ्या साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "जुन्या नोंदी तपासणं चालू आहे."

"ब्यान्नवच्या मार्चपासनं," कडेनं आवाज आला.

भाऊसो पुढं आला होता. त्याच्या हातात कागद नव्हता. साहेबांनी "अहो" म्हणून हात वर केला, पण त्याचं तिकडं लक्ष नव्हतं.

"मार्चला दोन. जूनला तीन. तळं भरून वाहिलं त्या भादव्यात पाच." तो एकेक आकडा दळण दळल्यासारखा सांगत गेला. "चौऱ्यान्नवचा एप्रिल, सात. सप्टेंबर, दहा. आक्टोबर, अकरा."

तिथं तो थांबला. आमच्या सगळ्यांच्या माना चंद्राबाईकडं वळल्या.

ती बायकांतनं उठून टेबलापाशी आली, भावाकडं न बघता मॅडमजवळ. "बाई, माजी पोरगी ह्यानंच गेली का?"

"मावशी, ते आता नाही सांगता येणार. तेव्हा त्या दृष्टीनं तिचं रक्त तपासलं असतं तर कळलं असतं."

"म्हंजी तवा कुनी सांगटलं आसतं तर."

"हो."

"वाचली आसती?"

मॅडमचे डोळे भरले. "मला माहीत नाही, मावशी. खोटं नाही सांगणार."

मग चंद्राबाई भाऊसोकडं वळली. आवाज अगदी बारीक. "डाक्तरनं इचारलं तवा तू माज्या मागंच हुबा हुतास न्हवं?"

"व्हय, आक्का."

"तुला आकडा ठावं हुता?"

"व्हय."

"दोन वर्सं मी तुजी पाठ चोळली रं."

चंद्राबाईनं पदर खोचला आणि ती घराकडं चालत गेली. मागं वळून बघितलं नाही. त्या दिवाळीला भाऊबीज झाली नाही. नंतरही झाली नाही. भाऊसो ओवाळून घ्यायच्या वेळेला तिच्या दारासमोरच्या दगडावर येऊन बसायचा आणि दार मिटलेलं बघून उठून जायचा.

तळं उपसलं, नळ आला. मॅडमनं चौकात एक काळा फळा बसवून घेतला. दर महिन्याच्या एक तारखेला आड, ओढा, नळ, सगळ्यांचे आकडे त्यावर लिहायचे असं ठरलं. सभेत बोलला म्हणून भाऊसोच्या मागं चौकशी लागली, पण लिहायचं काम मॅडमनं त्याच्याकडंच ठेवलं. आडाचा आकडा हळूहळू उतरत होता. नऊचे सात, साताचे पाच.

दीड वर्षानं मॅडमची बदली झाली, लांब कुठं तरी. तिला निरोप द्यायला वाडी गेली, पण मोठे साहेब आले नव्हते. पुढच्या एक तारखेला फळा कोरा राहिला. त्याच्या पुढच्या एक तारखेलाही कोरा. भाऊसोला वरनं सांगितलं होतं, लिहायचं नाही. तो येऊन फळ्यापुढं उभा राहायचा आणि रिकाम्या हातानं जायचा.

चंद्राबाईला हे कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगर चढून एकटीच कारखान्याच्या गेटावर गेली आणि तिथं धुळीत बसली. पहारेकरी म्हणाला, "मावशी, हितं बसता येनार न्हाई."

"आकडा लिवा, मग उठते."

दुपारी मी भाकरी घेऊन वर गेलो. उन्हानं तिचं तोंड काळवंडलं होतं. भाकरी तिच्यापुढं ठेवली आणि इतक्या वर्षांचं जे छातीत अडकलं होतं ते बाहेर पडलं. "आक्का, माजी मेंढरं ते पानी पीत नव्हती. मलाबी ठावं हुतं. संपतची नोकरी जाईल म्हनून मी बोललो न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, थुंकेल तोंडावर. तिनं नुसतं बूड सरकवून जागा केली. "मग बस हितं," म्हणाली.

मी बसलो. दुसऱ्या दिवशी रंगुबाई आली, तिच्यामागं सगळ्या आळीतल्या बायका आल्या. तिसऱ्या दिवशी पलटणीतनं पेन्शनवर आलेली माणसं छातीवर बिल्ले लावून येऊन बसली. ती बसल्यावर मात्र मोठे साहेब गेटापर्यंत आले. त्यांनी भाऊसोला बोलावून वही त्याच्या हातात दिली. "जा, लिही."

आम्ही सगळे खाली चौकात आलो. भाऊसोनं खडू घेतला, दोन्ही महिन्यांचे आकडे लिहिले आणि बाजूला झाला. चंद्राबाई फळ्यापुढं उभी राहिली. तिला अक्षरओळख नाही. पांढऱ्या रेघांकडं ती बघत राहिली. मग शाळेतल्या सभेनंतर पहिल्यांदाच ती भावाशी बोलली.

"मोठ्यानं वाच."

भाऊसोनं शेवटची ओळ वाचली. "आड, चार. ओढा, तीन. नळ, काय न्हाई."

ती निघून गेली. पण पुढच्या एक तारखेला पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही. आजतागायत चुकलेली नाही. भाऊसो लिहितो, ती म्हणते, "मोठ्यानं वाच," तो वाचतो, ती जाते. दुसरा शब्द नाही. तो वाळून काटकी झालाय. तिचे केस पांढरे झालेत.

ह्या आक्टोबरात आडाचा आकडा एकाच्या खाली आला. भाऊसोनं फळ्यावर तो लिहिला आणि वाचायला लागला. "आक्टोबर. आड..." आणि त्याचा आवाज फुटला. खडू हातात तसाच, खांदे गदागदा हलायला लागले. मला वाटलं, आता तरी ती त्याच्या पाठीवर हात ठेवेल.

चंद्राबाई जागेवरनं हलली नाही. तो शांत होईपर्यंत तिनं वाट बघितली.

"फुडं वाच," ती म्हणाली.