न कुजणारं बटण

विज्ञानाच्या बाईंना घाणीची किळस होती, आणि ती त्यांनी मुलांपासून लपवून ठेवली होती. चौथीच्या वर्गाला खत करायला शिकवायचं हे ठरवलं त्यांनीच, पण टब ढवळायची वेळ आली की त्या हातमोजे चढवायच्या आणि वर लांब दांड्याचा चमचा घ्यायच्या.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वर्गात फलक लावला होता: ‘हातांना काम, मनाला चिकाटी.’ फलकाखाली चार टब, दर गटाला एक. त्यांत भाज्यांची सालं, वाळका पाला, फाडलेली वर्तमानपत्रं आणि गांडुळं.

तीन टब बरे चालले. चौथ्याचं वाटोळं झालं. गटातल्या मुलांनी लाडानं रोज पाणी घातलं, आतला माल लिबलिबीत झाला, वर पांढऱ्या अळ्या वळवळू लागल्या. आंबट, सडका वास वर्गात असा ठाण मांडून बसला की डबे खायला पोरं मैदानात पळायची.

त्या टबापाशी शेवटी एकच मुलगी उरली. तिला सगळे गांडूळराणी म्हणायचे. चिडवायला म्हणायचे, पण तिला ते नाव आवडलं होतं, त्यामुळे चिडवणाऱ्यांची पंचाईत झाली होती.

“बाई, मेली का हो सगळी?”

“नाही. गुदमरली आहेत. कोरडा कागद घाल आणि वर-खाली कर. हवा लागू दे.”

ती बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात घालायची. रोज. बाई तेवढ्यात फळा पुसायला वळायच्या. एकदा तिनं बाबांच्या शर्टाचं निळं बटण आणलं.

“हे कुजेल का?”

“तुला काय वाटतं?”

“प्लास्टिक आहे. नाही कुजणार.”

“मग पुरून बघ.”

हळूहळू आंबटपणा ओसरला. घाण वास पुरता गेला नाही, पण त्यात ओल्या मातीचा वास मिसळू लागला. एके दिवशी ती गांडुळाची दोऱ्याएवढी पिल्लं तळहातावर घेऊन आली. बाई दोन पावलं मागे सरल्या, मग लाज वाटून एक पुढे आल्या.

मुलांचं खत बघायला पालक यायचे होते, त्याच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई वर्गात डोकावल्या आणि नाकाला रुमाल लावून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाला लिंबाच्या फवाऱ्याचा वास येत होता. चारही टबांत एकसारखं, चाळलेलं, काळंभोर खत. बाईंनी चिमूटभर घेऊन चोळलं. कोरडं ठक्क. त्यात एक साल नाही, एक गांडूळ नाही.

“मोठ्या बाईंनी खताच्या पिशव्या मागवल्या,” शिपाईमामा म्हणाले. “तुमचं ते सगळं मागे उकिरड्यावर ओतलं. बरं झालं, आता दोन घास तरी जातील घशाखाली.”

मोठ्या बाई दारातच उभ्या होत्या. “अहो, चिकाटी शिकायची होती, ती शिकली पोरं. खत कुणाचं, हे कोण विचारतंय? तासभर मूग गिळून उभ्या राहा.”

बाईंना मळमळलं. अळ्यांनी कधी इतकं मळमळलं नव्हतं. आणि तरी त्या उभ्या राहिल्या, हातांची घडी घालून, फलकाखाली.

पालक आले. टाळ्या झाल्या. गांडूळराणी बाबांचं बोट धरून आली. त्यांच्या शर्टाच्या बाहीला बटणाऐवजी टाचणी होती. तिनं थेट टबात हात घातला. आधी एक, मग दोन्ही. तळ खरवडला.

“बाई, बटण नाहीये.”

“कुजलं असेल गं,” मोठ्या बाई हसून म्हणाल्या. पालकही हसले.

“प्लास्टिक कुजत नाही.” तिनं विज्ञानाच्या बाईंकडे पाहिलं. तिचा आवाज उतरला. “की कुजतं, बाई?”

सगळे बाईंकडे बघू लागले. तिनं इतके दिवस घाणीत हात घातले ते बाईंच्या शब्दावर, आणि आता ती त्याच शब्दाबद्दल विचारत होती.

“नाही कुजत,” बाई म्हणाल्या. “हे खत तुझं नाही. कुणाचंच नाही, दुकानातून आणलंय. तुमचं मागे उकिरड्यावर ओतलंय. मी सकाळीच सांगायला हवं होतं.”

ती रडली नाही. बाबांचं बोट सोडून धावत सुटली. तिच्यामागे वर्ग धावला, त्यामागे नाकं दाबून पालक.

उकिरड्यावर चारही टबांचा लगदा एकात एक कालवला होता. माश्या घोंघावत होत्या. गांडूळराणी गुडघ्यावर बसून उकरू लागली. बाबांनी बाहीची टाचणी काढून खिशात टाकली आणि शेजारी बसले.

बाईंचे हातमोजे वर्गात राहिले होते. त्यांनी श्वास रोखून उघडा हात आत घातला. गार, बुळबुळीत काहीतरी बोटांमधून सरकलं. त्यांनी हात आणखी खाली नेला.

“बाई,” व्हरांड्यातून मोठ्या बाईंनी हाक मारली, “हात धुऊन या लवकर. फोटो काढायचाय.”

“काढा तुम्ही,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “आम्हाला बटण सापडायचंय अजून.”